एक टापू, तीन न्याय : १९४३ सालची कुंडल-वाळव्याची कोर्टं

प्रतिसरकार म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक, शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वेगाडी. दुसरी, तळपायावर बसणारी ‘पत्री’. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही घरात विषय काढा, आजोबांच्या पिढीकडून आलेला एखादा किस्सा हमखास निघतो. पण माझ्या संशोधनाचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि ऐकायला जरा कोरडा वाटेल. प्रश्न असा : त्या तीन वर्षांत बांध कोरला, सावकारानं गहाण जमीन सोडली नाही, नवऱ्यानं बायकोला टाकलं, घरफोडी झाली, तर माणूस दाद मागायला कुठं जायचा? तिथं त्याची बाजू कोण मांडायचं? आणि त्याच्यावर आरोप करणारा कोण असायचा?

या प्रश्नाचं उत्तर सातारा-सांगलीत इतर ठिकाणांपेक्षा जास्त गुंतागुंतीचं आहे. कारण इथं एकाच वेळी, एकमेकांपासून काही कोसांवर, तीन वेगवेगळे न्याय चालू होते.

आधी नकाशा समजून घेऊ

१९४३ साली सांगली जिल्हा नव्हताच. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजांच्या मुलखात. सांगली, मिरज, जत ही संस्थानं. आणि या सगळ्याच्या मध्ये बेटांसारखे पसरलेले औंध संस्थानचे तुकडे : इकडे आटपाडी, तिकडे कुंडल. किर्लोस्करवाडीचा कारखानाही औंधच्याच हद्दीत. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे, कुंडलचा शेतकरी औंधचा रयत आणि शेजारच्या वाळवा तालुक्यातला त्याचा सोयरा इंग्रजांचा. बोली तीच, जत्रा त्याच, सोयरीक एकमेकांतच. कायदा मात्र वेगळा. हद्द ओलांडली की पोलीस बदलायचा, कोर्ट बदलायचं. भूमिगत कार्यकर्त्यांनी या हद्दीचा पुरेपूर फायदा घेतला. जी. डी. बापू लाड कुंडलचे, नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे, क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. नकाशावर बोट फिरवलं की ध्यानात येतं, ही चळवळ हद्दींच्या सांध्यावर उभी होती.

पहिला न्याय : कचेरी

इंग्रजी मुलखात न्याय म्हणजे कचेरी. मामलेदार सारा वसूल करायचा आणि तोच मॅजिस्ट्रेटही असायचा. बहुतेक तालुक्यांच्या गावी खजिना, पोलिसांची कोठडी आणि फौजदारी काम हे सगळं एकाच आवारात किंवा हाकेच्या अंतरावर. दिवाणी दाव्याला सबजज्जाचं कोर्ट, सेशन्सची केस असेल तर थेट सातारा, आणि अपील करायचं तर मुंबई. साक्ष मराठीत व्हायची, कायद्याची पुस्तकं इंग्रजीत असायची. वकिलाची फी वेगळी, कोर्ट-फीचा स्टँप वेगळा, साक्षीदारांना घेऊन जायचा-यायचा खर्च वेगळा. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण या हिशोबातून आलेली आहे.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. १८७५ साली पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा आला. तो आधी पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात जज्जानं नुसत्या खतावर विसंबायचं नाही, कर्जाचा मागचा सगळा इतिहास तपासायचा, असं होतं. गावपातळीवर मुन्सफ नेमायची आणि दावा लावण्याआधी तडजोड करून पाहायची सोय होती. शंभर रुपयांच्या आतल्या दाव्यांत वकिलांना सहसा मज्जाव होता. म्हणजे कोर्ट गावाजवळ न्यायचा प्रयत्न खुद्द इंग्रज सरकारनंही केला होता. पण कचेरीचं मूळ रूप बदललं नाही. सारा घेणारा, पोलीस आणि मॅजिस्ट्रेट हे गावकऱ्याच्या डोळ्यांना एकच दिसत राहिले.

म्हणून १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लोकांचे मोर्चे निघाले ते कचेऱ्यांवर. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला. ९ तारखेला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर उघड्या मोर्चांचा रस्ता संपला आणि भूमिगत काम सुरू झालं. मोर्चे कचेरीवरच का गेले, याचं उत्तर ‘तिथं झेंडा होता’ एवढ्यावर थांबत नाही. गावाचा सारा, गावाची अटक आणि गावाचा निवाडा हे तिन्ही त्याच दारातून जात होते.

दुसरा न्याय : औंधचा प्रयोग

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी २१ जानेवारी १९३९ रोजी आपल्या ७२ गावांच्या संस्थानाला स्वराज्याची घटना दिली. तिच्यामागे त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि स्वतः गांधीजींचा सल्ला होता. सत्ता गावपंचायतीपासून वर चढत जाईल अशी रचना होती आणि न्यायही त्यातच बसवलेला होता. गावचे तंटे गावानं मिटवायचे. कायदा जाणणाऱ्या न्यायाधीशानं गावात यायचं, पंचांसोबत बसायचं. पक्षकारानं तालुक्याला हेलपाटे घालण्याऐवजी कोर्टानंच चावडीवर यायचं, असा हा उलटा प्रवास होता.

त्याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासह राहायचं. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ज्यावरून सुचला ते हेच ठिकाण. माणदेशातल्या ग. दि. माडगूळकरांनी त्याची कथा लिहिली, तेव्हा विषय त्यांच्या घराजवळचाच होता.

औंधच्या प्रयोगाबद्दल लिहिताना बरेचदा ‘आदर्श’, ‘रामराज्य’ असे शब्द येतात. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. गाव आणि कायदा यांत निवड करायची नाही, दोघांना एका जाजमावर बसवायचं, हा विचार तिथं होता. गावाला माणसं माहीत असतात, न्यायाधीशाला नियम माहीत असतो. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. प्रयोग फार चालला नाही. १९४८ साली औंध विलीन झालं आणि पंचायतीची ती घटनाही संपली.

तिसरा न्याय : न्यायदान मंडळ

१९४३ च्या मध्यापासून प्रतिसरकारनं आकार घेतला तेव्हा आघाडीच्या कार्यकर्त्यांपुढे पहिलं काम आलं ते चोर-दरोडेखोरांचं. पोलीस भूमिगतांच्या मागे लागलेले, त्यामुळे गावं मोकळी पडलेली. दरोडेखोर ‘आम्ही चळवळीतले’ म्हणून लूट करू लागले. चळवळीचं नाव टिकवायचं तर त्यांचा बंदोबस्त करावा लागणार होता. तो केला, आणि मग लोक बाकीची गाऱ्हाणी घेऊन येऊ लागले. जमिनीची, गहाणखताची, भावकीची, सासरी नांदवत नाहीत त्याची.

सुरुवातीला भूमिगत कार्यकर्तेच निवाडे देत. पुढं गावोगाव पंच समित्या निवडल्या गेल्या आणि गावात न मिटणारं प्रकरण वर गटाकडे जाऊ लागलं. निवाडा उघड्यावर, गावासमोर. स्टँप नाही, वकील नाही, तारीख पे तारीख नाही. दंड, जाहीर माफी, गावचा बहिष्कार, आणि गुन्हा मोठा मानला तर पत्री. बैलाला पत्री ठोकताना त्याला पाडून पाय बांधतात, तसं माणसाला धरून तळव्यांवर काठी चालवायची. ‘प्रति’चं ‘पत्री’ लोकांनीच केलं. या शिक्षेची दहशत इतकी, की सरकारचं नावच तिच्यावरून पडलं.

हे लोकांना नवं वाटलं का? नाही, आणि यात फार मोठी गंमत आहे. या भागाला गावासमोर निवाडा होण्याची जुनी सवय होती. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, देशमुख अशी मंडळी वतनाचे, हद्दीचे तंटे ऐकायची. निवाडा ‘महजर’ म्हणून लिहिला जायचा. वादी-प्रतिवादी आधी ‘राजीनामा’ लिहून द्यायचे, म्हणजे ‘या सभेचा निकाल आम्ही मानू’. (आज आपण राजीनामा म्हणतो ते वेगळं!) हरणारा ‘यजितखत’ लिहून द्यायचा की मी हरलो. जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ वसूल व्हायची. लिहिता न येणाऱ्या साक्षीदाराच्या नावापुढे त्याच्या धंद्याची निशाणी असायची, पाटलाच्या नावापुढे नांगर. न्यायाच्या बाबतीत ज्यांचं नाव आजही घेतलं जातं ते रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचेच.

१८१८ नंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पंचायती चालू ठेवायचा प्रयत्न केला. त्यानं त्यांच्या दिरंगाईबद्दल तक्रारीही लिहून ठेवल्या, पण ही रीत लोकांची आहे हे त्यानं ओळखलं होतं. १८४८ साली डलहौसीनं सातारचं राज्य खालसा केलं आणि मग कोर्टाची नवी घडी हळूहळू पक्की झाली. पुढं १९२० साली नागपूर काँग्रेसनं असहकाराच्या ठरावात कोर्टांवर बहिष्कार आणि आपसांत लवाद असं सांगितलं. म्हणजे १९४३ चं न्यायदान मंडळ आभाळातून पडलं नव्हतं. ‘पाचामुखी परमेश्वर’ आणि ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणींच्या मागे जो अनुभव होता, त्यावर ते उभं होतं. नवीन होतं ते हे, की पंच वतनामुळे पंच नव्हते. पाटीलकी वंशपरंपरेनं आली म्हणून कुणी न्याय देत नव्हता. सत्यशोधक चळवळीनं या भागात जे पेरलं होतं त्याचा हा परिणाम म्हणता येईल.

फिर्यादी कोण?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. न्याय स्वस्त होता, जवळ होता, झटपट होता, हे सगळे सांगतात. पण कुठल्याही फौजदारी न्यायाला एक प्रश्न विचारावाच लागतो : आरोप कोण ठेवतो, तपास कोण करतो, निकाल कोण देतो आणि शिक्षा कोण अंमलात आणतो? ही चार कामं किती हातांत वाटलेली आहेत?

बांधाच्या भांडणात हा प्रश्न फारसा टोचत नाही. दोन पक्ष समोरासमोर, गाव साक्षीला. ज्याच्या बांधाचा दगड हलला ते अख्ख्या शिवाराला ठाऊक. अशा वेळी खोटी साक्ष देणं अवघड, कारण देणाऱ्याला उद्या त्याच पाणवठ्यावर यायचं असतं. इथं गावाचं ज्ञान हाच पुरावा, आणि तो कचेरीतल्या पुराव्यापेक्षा बरेचदा सरस.

पण ‘हा खबऱ्या आहे’ असा आरोप आला की चित्र पालटतं. तिथं फिर्यादी खुद्द चळवळ. तपास करणारे तिचेच कार्यकर्ते. निकाल देणारेही तेच, आणि पत्री मारणारे तुफान सेनेचे जवान. आरोपीच्या बाजूनं बोलायला कुणी उभं राहिलं तर संशय त्याच्यावर. शिवाय हे युद्धच होतं. खबऱ्यामुळे माणसं पकडली जात, मारली जात, त्यामुळे चौकशीला वेळ देणं परवडणारं नव्हतं. काही जण या निवाड्यांत जिवानिशीही गेले. गावातलं जुनं वैर, भावकीचा राग, जातीचा दबाव अशा आरोपाला किती चिकटून आला असेल, याचा विचार केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जो गावपणा बांधाच्या भांडणात ताकद ठरतो, तोच इथं धोका ठरतो. पाचामुखी परमेश्वर खरा, पण पाचही जण एकाच बाजूचे असले तर?

गंमत बघा. हा दोष नेमका कचेरीचा दोष होता! सारा वसूल करणारा मामलेदार मॅजिस्ट्रेट असू नये, कारभार आणि न्याय वेगळे करा, ही मागणी काँग्रेस १८८६ पासून ठरावांतून करत होती. खालच्या फौजदारी कोर्टांत सरकारची बाजू मांडायला बहुधा पोलीस खात्यातलाच माणूस उभा असे. म्हणजे पकडणारा आणि आरोप शाबीत करू पाहणारा एकाच खात्यातले. प्रतिसरकारनं कचेरीला पर्याय दिला, लांबचं कोर्ट जवळ आणलं. पण सगळे अधिकार एकाच हातात, हा कचेरीचा अवगुण सोबत आला. इंग्रजांकडे निदान कागदावर अपील होतं. पत्री बसल्यावर अपील कशाचं करणार?

याचा अर्थ प्रतिसरकारचा न्याय खोटा होता, असा घेऊ नये. गोळीबार करणाऱ्या सरकारच्या कोर्टात लोकांनी जावं, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. टाकलेल्या बाईला कचेरीत जे कधी मिळालं नसतं, ते न्यायदान मंडळात मिळू शकत होतं. सावकारी, दारू, हुंडा आणि लग्नातला वायफळ खर्च यांविरुद्ध त्या मंडळांनी जे केलं त्याची आठवण उगाच टिकलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दिवाणी तंटा आणि ‘गद्दारी’चा आरोप ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि आपण दोन्हींना ‘पत्री सरकारचा न्याय’ या एकाच नावाखाली गौरवतो किंवा एकाच नावाखाली झोडतो.

कागदांचा पेच

यातून संशोधनाचा एक पेच तयार होतो. कचेरीचा प्रत्येक कागद जपला जातो : फिर्याद, जबाब, निकाल. भूमिगत चळवळ कागद ठेवत नाही, कारण कागद सापडला की माणूस सापडतो. त्यामुळे न्यायदान मंडळांची हकिगत आपल्याला दोन बाजूंनी कळते. एक बाजू पोलिसांच्या अहवालांची. त्यात सगळे ‘दरोडेखोर’ असतात. दुसरी बाजू कार्यकर्त्यांच्या आठवणींची आणि मुलाखतींची. त्यात सगळे निवाडे योग्यच झालेले असतात. कासेगावला आयुष्य काढलेल्या गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी या दुसऱ्या बाजूतून फार मोलाचं काही गोळा करून ठेवलं, नाहीतर तेही हरवलं असतं.

पण तिसरा आवाज, म्हणजे ज्याच्यावर आरोप झाला त्याचा, जवळपास कुठंच नाही. तो स्वातंत्र्यसैनिक नव्हता म्हणून त्याला सन्मानपत्र नाही, आणि सरकारचा माणूस म्हणूनही त्याची कुणी आठवण ठेवली नाही. महजरामध्ये हरणाऱ्याचं यजितखत तरी असायचं. ते सक्तीनं लिहून घेतलेलं असलं, तरी त्याचं नाव आणि त्याचा दावा कागदावर राहायचा. तीनशे वर्षांपूर्वी हरलेल्या माणसाचं म्हणणं मला कधीकधी वाचता येतं. ऐंशी वर्षांपूर्वी हरलेल्याचं येत नाही. न्यायाच्या इतिहासात नोंद ठेवणं हे कारकुनी काम वाटतं, पण खरंतर तोच आरोपीचा शेवटचा हक्क असतो.

पुढं काय झालं?

१९४६ साली मुंबई प्रांतात पुन्हा काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले, आणि तिसरा न्याय विसर्जित झाला. दोन वर्षांनी औंधचाही गेला. उरलं पहिलं कोर्ट. मात्र ते आहे तसं राहिलं नाही. मुंबई राज्यानं १९५१ साली न्याय आणि कारभार वेगळे करणारा कायदा केला आणि मामलेदाराच्या हातून फौजदारी खटले जायला लागले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं मॅजिस्ट्रेट कोर्टातही पोलिसांहून वेगळे सहायक सरकारी अभियोक्ते आणले. आरोप ठेवणारा आणि पकडणारा यांच्यात भिंत उभी राहिली. न्यायदान मंडळात जी उणीव होती ती कायद्यानं, निदान कागदावर, भरून काढली.

पण जवळीक मात्र गेली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायती होत्या, त्या १९७० च्या दशकात बंद झाल्या. शेतरस्ता अडवला तर आजही लोक तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली अर्ज करतात, म्हणजे जुन्या कचेरीचा एक कोपरा अजून शाबूत आहे. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ती आणणारे गृहमंत्री आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. त्या भागातल्या माणसाला गावानं तंटा मिटवणं ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. २००८ साली केंद्रानं ग्रामन्यायालयांचा कायदा केला, त्यात न्यायाधीशानं गावात जाऊन बसायची तरतूद आहे. वाचताना औंधच आठवतं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. जतच्या माणसाला अपिलासाठी मुंबईच गाठायला नको, एवढ्या साध्या गोष्टीसाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांना आणि पक्षकारांना कित्येक वर्षं भांडावं लागलं.

म्हणजे दोन मागण्या या टापूत शंभर-दीडशे वर्षं चालत आलेल्या दिसतात. कोर्ट जवळ पाहिजे, ही एक. आणि आरोप करणारा, तपासणारा, निकाल देणारा वेगवेगळा पाहिजे, ही दुसरी. कचेरीनं दोन्ही नाकारल्या. न्यायदान मंडळानं पहिली पुरवली, दुसरी नाही. आजचं कोर्ट दुसरी बऱ्यापैकी पुरवतं, पहिली नाही. दोन्ही एकत्र बसवायचा प्रयत्न फक्त औंधच्या ७२ गावांत झाला, आणि तोही थोडीच वर्षं.

म्हणून उद्या तुमच्या गावात तंटामुक्ती समितीची बैठक बसली, तर तिथं दोन गोष्टी जरूर बघा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या बाजूनं बोलायला कुणी उभं राहू शकतंय का? आणि त्यानं जे सांगितलं ते कुणी लिहून घेतंय का? या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर गाव खरंच रावापेक्षा चांगलं करतंय.